दुर्गम खेड्यांचे वैमानिक : उन्हाळी प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

८ मार्च

वाचनालयाच्या उन्हाळी प्रदर्शनासाठी मी मांडलेला विषय कार्यकारिणीने आज मंजूर केला. रस्ता पोचलेला नाही अशा डोंगरांतील आणि जंगलांतील वस्त्यांसाठी छोटी विमाने चालवणारे मिशनरी वैमानिक आणि त्यांचा रोजचा दिवस, हा तो विषय. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात प्रदर्शन भरेल. तक्ते मराठीत असतील, आणि ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना आमचे तरुण कार्यकर्ते हिंदीतून समजावून सांगतील.

एका ज्येष्ठ सदस्यांनी सभेत रास्त प्रश्न विचारला. ही माणसे धर्मप्रसारासाठी जातात, मग त्यांच्या कामाचे प्रदर्शन आपण का भरवायचे? मी सांगितले की पहिल्याच तक्त्यावर ही गोष्ट स्वच्छ शब्दांत लिहिलेली असेल. हे वैमानिक आपल्या श्रद्धेपोटी हे काम स्वीकारतात, त्यांच्या विमानातून धर्मोपदेशक आणि बायबलच्या प्रतीही जातात, आणि त्याच विमानातून मीठ, लस, शाळेच्या वह्या आणि अडलेली बाळंतीणही जाते. यातील काहीही लपवायचे नाही. शिवाय इंदूरला मिशनचे काम परके नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनने एकोणिसाव्या शतकात येथे शाळा आणि दवाखाने काढले, आणि त्यांचे ख्रिश्चन कॉलेज १८८७ पासून या शहरात आहे. आमच्यापैकी कित्येकांच्या घरातील मंडळी तेथे शिकली आहेत. प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांनीच पुढे अनुमोदन दिले, याचा मला मनापासून आनंद झाला.

माझा आग्रह एकच आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन वादळ, अपघात आणि बलिदान यांच्याभोवती फिरते, आणि त्यामुळे वैमानिक म्हणजे जिवावर उदार झालेला माणूस अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्याचा दिवस काट्यावर पोती चढवण्यात, ढगांची चौकशी करण्यात, टाकीतले पाणी तपासण्यात आणि पुष्कळदा ‘आज जमणार नाही’ असे सांगण्यात जातो. प्रदर्शनात हा दिवस दिसला पाहिजे.

१५ मार्च

इतिहासाच्या तक्त्याचा मजकूर आज पूर्ण केला. सुरुवात कोठून करावी यावर दोन मते होती. मी ऑस्ट्रेलियापासून केली आहे, कारण तेथे गरज, यंत्र आणि माणूस हे तिन्ही एकत्र आलेले स्पष्ट दिसते.

जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात काम करत होते. तेथील एकाकी गुराखी आणि खाणकामगार किरकोळ दुखण्यानेही दगावत, कारण डॉक्टर शेकडो मैल दूर असे. १९१७ मध्ये क्लिफर्ड पील नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, जो त्या वेळी लष्करी वैमानिक होण्याच्या मार्गावर होता, फ्लिन यांना पत्र लिहून विमानाने डॉक्टर पाठवण्याची कल्पना तपशिलासह मांडली. पील पुढच्याच वर्षी फ्रान्समधील युद्धात मारला गेला. कल्पना मात्र फ्लिन यांनी सोडली नाही. क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतलेले द हॅविलँड बनावटीचे ‘व्हिक्टरी’ नावाचे विमान १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरीहून ज्युलिया क्रीकला गेले. वैमानिक आर्थर ॲफ्लेक होते आणि डॉक्टर सेंट व्हिन्सेंट वेल्च. हीच पुढे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस झाली. फ्लिन यांचे चित्र आज ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर आहे.

विमान येऊन उपयोग काय, जर बोलावणेच पाठवता येत नसेल? ही अडचण आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ मध्ये सोडवली. सायकलीसारखे पायडल मारून वीज निर्माण करायची आणि त्यावर बिनतारी संच चालवायचा, अशी त्यांची रचना होती. सुरुवातीला संदेश मोर्स या सांकेतिक लिपीच्या कडकट्टात जात. हा भाग मला मुलांना हाताने करून दाखवायचा आहे, म्हणून ग्रंथपाल ताईंना जुना डायनामो मिळतो का ते पाहायला सांगितले आहे.

जर्मनीचे कॅथलिक धर्मगुरू पॉल शुल्टे यांना त्याच तक्त्यावर थोडी जागा दिली. आफ्रिकेत त्यांचा मित्र वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे वारला, आणि त्या दुःखातून त्यांनी १९२७ मध्ये मिशनच्या कामासाठी वाहने पुरवणारी ‘मीवा’ ही संस्था काढली.

२१ मार्च

दुसऱ्या महायुद्धानंतरचा भाग. युद्धात उडायला शिकलेल्या काही तरुणांना वाटले की हे कौशल्य आता माणसे वाचवण्यासाठी वापरावे, आणि १९४५ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे दोन संघटना उभ्या राहिल्या. त्यांतूनच आजची मिशन एव्हिएशन फेलोशिप घडली. अमेरिकन संघटनेचे पहिले उड्डाण फेब्रुवारी १९४६ मध्ये बेटी ग्रीन यांनी केले. त्या युद्धकाळात लष्करासाठी विमाने उडवणाऱ्या महिला वैमानिकांपैकी एक होत्या, आणि मेक्सिकोला जाण्यासाठी त्यांच्याकडे दुहेरी पंखांचे वाको विमान होते. आमच्या कार्यकर्त्यांतील मुलींनी हा मजकूर वाचताच त्यांचे छायाचित्र सर्वांत मोठे छापावे असे ठरवले, आणि मी त्याला लगेच संमती दिली.

ब्रिटिश शाखेचे जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग १९४८ मध्ये माइल्स जेमिनी विमानाने मध्य आफ्रिकेची पाहणी करायला निघाले. कोणत्या मिशनला, कोणत्या दवाखान्याला विमानाची खरोखर गरज आहे हे विचारत ते गावोगाव गेले. बुरुंडीच्या डोंगरात विमान कोसळले, पण दोघेही बचावले आणि काम थांबले नाही. हेमिंग्ज युद्धकाळात भारतात, कोलकात्याला होते, हे तक्त्यावर आवर्जून लिहिले आहे.

२९ मार्च

आज ‘वजन’ या विभागाची आखणी केली. सबंध प्रदर्शनाचा कणा हाच आहे असे माझे मत आहे, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

खेड्यात विमान उतरले की पहिली वस्तू बाहेर येते ती वजनकाटा. प्रवाशांना त्यांच्या गाठोड्यासह काट्यावर उभे केले जाते, पोती मोजली जातात, कोंबड्याही मोजल्या जातात. आमच्या प्रदर्शनासाठी मी सेसना २०६ हे विमान आधार म्हणून घेतले आहे, कारण या कामात ते अनेक दशके वापरले गेले आहे. उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण वजन साधारण १,६३० किलोपेक्षा जास्त असता कामा नये. रिकामे विमान ढोबळमानाने १,००० किलो धरले, तर हाती उरतात ६३० किलो. त्यातून वैमानिक, त्याची दुरुस्तीची अवजारे आणि जंगलात उतरावे लागल्यास लागणारे सामान यांचे १०० किलो वजा करावेत. इंजिन तासाला सुमारे ६० लिटर पेट्रोल पिते आणि विमानाच्या पेट्रोलचे वजन लिटरला ०.७२ किलो असते. जाणे, येणे आणि अडीअडचणीची शिल्लक धरून तीन तासांचे इंधन घेतले, तर आणखी १३० किलो गेले. उरले ४००. या ४०० किलोंत गावाला शाळेचे मास्तर हवे आहेत, छपराचे पत्रे हवे आहेत, तांदूळ आणि मीठ हवे आहे, आणि परतीच्या वेळी कॉफीची पोती बाजाराला न्यायची आहेत.

हा हिशेब सपाट, लांब आणि थंड हवेतील धावपट्टीचा झाला. पट्टी आखूड असेल, गवत ओले असेल किंवा हवा तापलेली असेल, तर ४०० चे ३०० होतात आणि कधी त्याहूनही कमी. अशा वेळी वैमानिकाला कोणाला तरी खाली उतरवावे लागते. महिनाभर वाट पाहिलेल्या माणसाच्या तोंडावर ‘तुम्ही पुढच्या खेपेला या’ असे सांगणे हे या नोकरीतले सर्वांत जड काम असावे असे मला वाटते, आणि त्यात जराही सवलत देता येत नाही.

मुलांसाठी खेळ असा ठरवला: मारवाडी गल्लीतून आणलेला जुना काटा, वाळू भरलेल्या वेगवेगळ्या वजनांच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी. ‘मीठ’, ‘लसीची पेटी’, ‘आजीबाई’, ‘सौर पाटी’, ‘पत्रे’, ‘शिक्षक’. एकूण मर्यादा पाळून काय न्यायचे आणि काय ठेवायचे ते मुलांनी ठरवायचे आणि का ते सांगायचे. जड सामान मागे गेले की शेपूट खाली जाते आणि विमान आवरत नाही, हे दाखवण्यासाठी एक तराजूवजा लाकडी विमानही करायचे आहे.

५ एप्रिल

फ्लाइंग क्लबमध्ये आयुष्यभर विमानदुरुस्ती केलेले एक काका आज मदतीला आले. वय झाले असले तरी हात अजून स्थिर आहेत. त्यांनी सांगितले, “बाई, तुम्ही उड्डाणाचे सगळे लिहिलेत, पण सकाळचे पाणी कुठे आहे?” मग त्यांनी ते समजावून दिले.

रात्री थंडी पडली की अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरते आणि पाणी तळाशी बसते. म्हणून पहाटे पहिल्या उड्डाणापूर्वी प्रत्येक टाकीच्या तळातून थोडे इंधन एका पारदर्शक नळकांड्यात काढून उजेडासमोर धरतात. पेट्रोल निळसर दिसते. पाणी असेल तर ते खाली वेगळा, स्वच्छ थर धरते. दुर्गम ठिकाणी इंधन पिंपांतून येते, तेव्हा ते हरणाच्या किंवा मेंढीच्या मऊ कातड्यातून गाळून टाकीत भरण्याची पद्धत होती, कारण असे कातडे पेट्रोल जाऊ देते आणि पाणी अडवते. काकांनी आपल्या पिशवीतून एका छोट्या बाटलीत निळीचे पाणी आणि गोडे तेल घालून ती खिडकीपाशी धरली. निळे पाणी हळूहळू तळाला जाऊन बसले, तेल वर राहिले, आणि दोहोंमधली रेषा कापल्यासारखी सरळ झाली. ही बाटली जशीच्या तशी प्रदर्शनात ठेवायची. रंग उलटे आहेत एवढे खाली लिहायचे.

इंधनाच्या संदर्भात त्यांनी आणखी एक महत्त्वाचा मुद्दा काढला. अशा मुलखात विमानाचे पेट्रोल मिळणे दिवसेंदिवस अवघड आणि महाग होत गेले, तर मोठ्या विमानांना लागणारे, रॉकेलच्या जातीचे इंधन त्या मानाने सहज मिळते. म्हणून मिशन संस्थांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून कोडियाक १०० हे टर्बाइन इंजिनाचे विमान आखले गेले. त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली, त्याचे इंजिन ७५० अश्वशक्तीचे आहे, आणि ३०० मीटरच्या आत ते जमीन सोडते.

१२ एप्रिल

उताराच्या धावपट्टीची प्रतिकृती सुरू केली. न्यू गिनीच्या डोंगरात सपाट जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे गावकऱ्यांनी फावड्यांनी आणि काठ्यांनी डोंगराची सोंड खणून पट्ट्या तयार केल्या आहेत, आणि त्यांचा चढ कित्येक ठिकाणी दहा टक्क्यांहून अधिक असतो. विमान नेहमी चढाच्या दिशेने उतरते आणि उताराच्या दिशेने उडते. वारा कोणत्या बाजूचा आहे हे तेथे दुय्यम ठरते.

आमच्या प्रतिकृतीत ४५० मीटरची पट्टी ९० सेंटिमीटरच्या फळीवर बसवली आहे. दहा टक्के चढ म्हणजे प्रत्यक्षात ४५ मीटर उंची, आणि फळीच्या वरच्या टोकाखाली ९ सेंटिमीटरचा ठोकळा. ठोकळा ठेवून फळी टेकवली तेव्हा सगळेच क्षणभर गप्प झाले. एवढा चढ असेल असे आकडा ऐकून कोणाला वाटले नव्हते. फळीच्या वरच्या टोकाला कागदाच्या लगद्याचा उभा डोंगर केला आहे आणि खालच्या टोकाला दरी.

चढाचा फायदा मुलांना आकड्यांनी पटवायचा आहे. विमान सेकंदाला ३१ मीटर वेगाने टेकले आणि केवळ ब्रेकने गवतावर वेग सेकंदाला २ मीटरने कमी होत गेला, तर थांबायला सुमारे २४० मीटर लागतात. दहा टक्के चढामुळे गुरुत्वाकर्षण स्वतःच सेकंदाला आणखी १ मीटरने वेग कमी करते, आणि अंतर १६० मीटरवर येते. उडताना तेच गुरुत्वाकर्षण विमानाला पुढे ढकलते. दहावीच्या मुलांना हे गणित वहीवर सहज करता येते.

परंतु याची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर असल्यामुळे एका ठरावीक जागेनंतर विमानाला पुन्हा उचलून वळवता येत नाही. ती जागा वैमानिक आधीच ठरवून ठेवतो: एखादे झाड, ओढ्याचे वळण, चर्चचे छप्पर. तेथे पोचेपर्यंत वेग, उंची, वारा आणि पट्टीवरील डुकरे-माणसे या सगळ्यांविषयी त्याचे समाधान झाले पाहिजे. झाले नाही, तर तो तेथूनच वळतो. त्या पुढे एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे उतरणे. आमच्या फळीवर ही जागा लाल खुणेने दाखवली आहे.

नव्या वैमानिकाला अशा पट्टीवर एकट्याने जाऊ देत नाहीत. अनुभवी वैमानिक शेजारी बसून प्रत्येक पट्टी त्याच्याकडून स्वतंत्रपणे घोटून घेतो आणि मगच त्या एका पट्टीची परवानगी मिळते. आपल्याकडे गायनात गुरू एकेक राग समोर बसवून घेतात, तसेच हे आहे.

१८ एप्रिल

दिनक्रमाचा मोठा तक्ता. पापुआ न्यू गिनीतील गोरोका किंवा माउंट हेगन यांसारखा तळ गृहीत धरला आहे. या देशात ८०० हून अधिक भाषा बोलल्या जातात, आणि राजधानी पोर्ट मोर्सबीहून या डोंगराळ शहरांपर्यंत आजही रस्ता नाही. इंदूरहून देवासला जाणाऱ्या माणसाला हे लक्षात यायला थोडा वेळ लागतो, म्हणून नकाशा मोठा घेतला.

उजाडण्यापूर्वी दिवस सुरू होतो, कारण डोंगरांत सकाळी हवा स्वच्छ असते आणि दुपारकडे ऊन चढले की दऱ्यांतून वाफ वर जाऊन खिंडी ढगांनी बुजतात. विमानाची तपासणी होते, सामान जाळ्यांनी आणि पट्ट्यांनी जमिनीवरच्या कड्यांना आवळले जाते, कारण सुटलेले पोते हेलकाव्यात वैमानिकाच्या पाठीवर येऊ शकते. त्यानंतर बिनतारी संचावरून खेड्यांशी बोलणे होते. तेथे शिक्षक, परिचारिका किंवा पट्टी सांभाळणारा गावकरी डोंगराचे कोणते टोक दिसते, पाऊस केव्हा पडला, पट्टी मऊ आहे का, गवत कापले आहे का, हे सांगतो. उपग्रहाची चित्रे आली असली, तरी त्या एका खिंडीत या क्षणी ढग आहे की नाही हे खिंडीखाली उभा असलेला माणूसच सांगू शकतो. म्हणून या तक्त्यावर वैमानिकाइतकीच जागा त्या गावकऱ्याला दिली आहे. पट्टी खणणारे, गवत कापणारे, चर काढणारे आणि हवामान सांगणारे लोक तिथलेच आहेत. त्यांच्याशिवाय विमान केवळ आकाशातून फिरून परत जाईल.

मग खेपा. एका पट्टीवर तांदूळ उतरवायचा, तेथून रुग्ण घ्यायचा, वाटेत शिक्षकाला सोडायचे. चालत जायला काही दिवस लागतील असे अंतर विमान बहुधा अर्ध्या तासाच्या आत कापते. मध्येच तातडीचा निरोप आला की ठरलेले सगळे मोडते: आसने काढून स्ट्रेचर बसवायचे, आणि ज्यांची खेप रद्द झाली त्यांना संचावरून कळवायचे. दुपारी विमाने तळावर परततात, आणि उरलेला दिवस नोंदवह्या, पैशांचा हिशेब आणि दुरुस्ती यांत जातो. वैमानिक पुष्कळदा स्वतःच विमान-मेकॅनिकही असतो. तसे शिक्षण घेतलेल्यांनाच या संस्था पूर्वीपासून प्राधान्य देत आल्या आहेत.

२६ एप्रिल

दुपारी व्हरांड्यातील तापमापीत ४० अंश. बाहेर निघवत नाही, पण याच उन्हाचा उपयोग करून एक छोटा तक्ता तयार झाला.

तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला दम कमी मिळतो आणि इंजिनावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हवेला नीट धरू शकत नाही. म्हणून वैमानिक हवा किती उंचीवरच्यासारखी वागते आहे, म्हणजेच ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ किती आहे, ते काढतो. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच आहे. प्रमाण मानलेल्या हवेत या उंचीला तापमान ११ अंशांच्या आसपास असायला हवे. आज ते २९ अंशांनी जास्त आहे. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरले, तर ३,४०० हून अधिक फूट वाढतात, आणि एकूण उंची ५,३०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे आज दुपारी आपल्या बिजासन टेकडीजवळून उडणारे छोटे विमान पचमढीपेक्षाही उंच डोंगरमाथ्यावर असल्यासारखे वागेल. इंडोनेशियातील पापुआमधील वामेना गाव ५,००० फुटांवरच आहे. तेथे दुपारी ऊन तापले की त्यावर आणखी भर पडते. कित्येक दशके त्या खोऱ्यात सिमेंटपासून डिझेलपर्यंत जवळजवळ सगळे विमानानेच गेले आहे.

काकांनी तक्ता पाहून मान डोलावली आणि क्लबमधली उन्हाळ्यातील उड्डाणे पहाटे का आटोपत, ते मुलांना सांगायला बसले.

३० एप्रिल

इक्वाडोरचा तक्ता लिहिताना सर्वांत जास्त विचार करावा लागला. नेट सेंट हे शेल मेरा येथील तळावरून उडणारे वैमानिक कल्पक होते. विमान आकाशात घट्ट वर्तुळात फिरवत ठेवायचे आणि खाली लांब दोरी सोडायची. हवेच्या विरोधामुळे दोरीचे टोक आत आत येत वर्तुळाच्या मध्याशी जवळजवळ स्थिर राहते, आणि त्याला बांधलेल्या बादलीतून खालच्या माणसाला वस्तू देता-घेता येतात. या युक्तीने त्यांनी तेथील जंगलात राहणाऱ्या वाओरानी या आदिवासी लोकांना भेटी पाठवल्या, आणि वर परत आलेल्या भेटींत एकदा पोपट होता. पुढे ते आपल्या चार सहकाऱ्यांसह कुराराय नदीच्या वाळूवर उतरले, आणि ८ जानेवारी १९५६ रोजी ते पाचही जण वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले.

ही गोष्ट आजवर बहुतेक वेळा पाच जणांच्या बाजूने सांगितली गेली आहे. मी तक्त्यावर वाओरानींची बाजूही तितक्याच आदराने लिहिली आहे. बाहेरून येणाऱ्यांकडून, विशेषतः रबराच्या व्यापाऱ्यांकडून, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिंसा सोसली होती. आकाशातून आलेल्या अनोळखी माणसांवर त्यांनी विश्वास ठेवावा याला काही आधार नव्हता. ज्यांनी आपल्याला बोलावलेले नाही त्यांच्या दारात विमानाने उतरण्याचा हक्क कोणाला आहे का, हा प्रश्न तक्त्याच्या शेवटी सरळ विचारला आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्या खेड्याने स्वतः पट्टी खणली, त्या खेड्यात जाणे निराळे. मारल्या गेलेल्यांपैकी एकाची पत्नी आणि नेट सेंट यांची बहीण १९५८ मध्ये त्याच लोकांत राहायला गेल्या, आणि तेही वाओरानी स्त्रियांच्याच मध्यस्थीने, हे नमूद केले आहे.

४ मे

बडवानी जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम केलेल्या एक ताई आज लसीची पेटी घेऊन आल्या. निळी, जाड भिंतींची, आत चार बाजूंना बर्फाच्या पाट्या आणि मध्ये कुप्या. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. “पेटी किती दूर जाते यापेक्षा किती वेळा उघडते ते बघा,” असे त्यांनी मुलांना सांगितले, आणि झाकण उघडून त्यांचे हात आत घालायला लावले. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रापलीकडे, नंदुरबारच्या बाजूला, तरंगत्या दवाखान्यातून आणि होडीच्या रुग्णवाहिकेतून सेवा दिली जाते, तेही त्यांनी सांगितले. त्यावरून ‘आपल्याकडे’ नावाचा एक तक्ता वाढवला. त्यात हा दवाखाना आहे, आणि अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यातील विजयनगर आहे, जेथे रस्त्याअभावी वर्षानुवर्षे हवाई दलाची विमाने आणि हेलिकॉप्टर शिधा पोचवत आली.

१० मे

सभागृहात मांडणी पूर्ण. डायनामो मिळाला आणि त्यावर बिनतारी संचाऐवजी दिवा जोडला आहे. सायकल उलटी टांगून पायडल हाताने फिरवावे लागते. पाच मिनिटे दिवा सारखा तेवत ठेवणे मोठ्या मुलांनाही दमवते.

१२ मे

आजच्या तारखेसाठी जॉइस लिन यांचा तक्ता दारासमोर ठेवला. त्या संगणकशास्त्र शिकलेल्या, पुढे वैमानिक झालेल्या. १२ मे २०२० रोजी त्या इंडोनेशियाच्या पापुआतील सेंतानीहून मामित गावाला कोडियाक विमानातून शाळेचे साहित्य आणि कोरोनाच्या तपासणीचे संच घेऊन एकट्या निघाल्या, आणि उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान सेंतानी सरोवरात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ४० होते. एवढेच लिहिले आहे. त्यांच्या विमानात काय होते हे वाचले की त्यांचे काम कळते.

वजनाच्या खेळाजवळ दिवसभर गर्दी होती. सातवीतील एका मुलीने ‘आजीबाई’ आणि ‘लसीची पेटी’ आधी ठेवली, मग ‘शिक्षक’ उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ‘मीठ’ घेतले. मी कारण विचारले. ती म्हणाली, “बाई, शिक्षक थांबू शकतात. मीठ संपलं तर सगळ्या गावाचं अडेल.” तिच्या आईने तेवढ्यात पत्र्यांची पिशवी चढवली आणि काटा मर्यादेपलीकडे गेला, मुलीने ती शांतपणे उतरवून ठेवली.

पहिल्या सभेत प्रश्न विचारणारे ज्येष्ठ सदस्यही आज आले होते. त्यांनी इक्वाडोरचा तक्ता दोनदा वाचला आणि त्यातील शेवटचा प्रश्न मोठ्या अक्षरांत करावा असे सुचवले. उद्या सकाळी तो नव्याने छापून लावते.

१९ मे

प्रदर्शन काल उतरवले. तक्ते गुंडाळून नळकांड्यांत भरले आहेत. फळी, डोंगर आणि दरी वेगवेगळ्या खोक्यांत आहेत. महू आणि देवास येथील शाळांनी जूनमध्ये मागणी केली आहे. तेथे सोबत जाण्यासाठी दोन कार्यकर्ते तयार आहेत, पण वजनकाटा परत द्यायचा असल्यामुळे दुसरा पाहावा लागेल. लसीच्या पेटीच्या ताईंनी महूला स्वतः येण्याचे कबूल केले आहे. काकांच्या बाटलीतील तेल गढूळ झाले आहे, ते बदलायचे.